जुन्या गाडीचा हायड्रॉलिक क्लच: किट टाकूनही पेडल पुन्हा खाली का जातं, आणि काम कोणत्या क्रमाने करायचं

क्लचच्या मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलजवळच्या सिलिंडरचं, किट (आतली नवीन रबरं) टाकलं, ऑइलच्या लाइनमधली एअर काढली, दोन-चार दिवस पेडल एकदम मस्त आणि मग परत जमिनीला टेकलं. मग स्लेव्ह, म्हणजे गिअरबॉक्सजवळचा खालचा सिलिंडर बदलला, तो पण काही दिवस चालला. मग कोणीतरी सांगतं की भाऊ तुमची क्लच प्लेटच गेली, गिअरबॉक्स उतरवा. नागपुरात जुन्या सुमो, क्वालिस, बोलेरो चालवणारे कितीतरी लोक ह्याच फेऱ्यात पैसे घालवून राहिले आहेत, आणि बहुतेक वेळा पार्टमध्ये खोट नसते, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी पार्ट आणतात आणि बिघाड नंतर शोधतात, सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, न बघता नवीन रबर त्यात ढकलतात, एअर घाईघाईत काढतात, आणि शेवटी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचं सैल अंतर, कोणीच बघत नाही. म्हणून इथे पूर्ण काम सुरुवातीपासून लिहितो आहे, ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी आणि ज्यांना मिस्त्रीजवळ उभं राहून करून घ्यायचंय त्यांच्यासाठी पण.

एक गोष्ट आधी. हे सगळं ज्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं कवच) बाहेर बोल्टने बसवलेला असतो तिच्यासाठी आहे. काही गाड्यांमध्ये स्लेव्ह आतच, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो, तो गळाला तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय पर्याय नाही, आणि एवढं उतरवलंच तर प्लेट, प्रेशर प्लेट सगळं त्याच वेळी बघून घ्यायचं. केबलवाल्या गाड्यांना, म्हणजे मारुती ८००, झेन वगैरे, ह्यातलं काहीच लागू नाही.

१. आधी बिघाड कुठे आहे ते शोधा, पाना नंतर उचला

बोनेट उघडा. ड्रायव्हरच्या पायासमोर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), ब्रेक बूस्टरच्या बाजूला जो छोटा सिलिंडर दिसतो तो क्लचचा मास्टर. त्याची टाकी वेगळी असेल किंवा ब्रेकच्याच टाकीतून एक रबरी नळी त्याला आलेली असेल. तिथून लोखंडी पाइप, मग रबरी होज, आणि खाली गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह, ज्याला बरेच जण बॉटम सिलिंडर म्हणतात.

टाकीतली लेव्हल बघा. ब्रेकचं ऑइल पॅड झिजले की हळूहळू खाली जातं, तो काही बिघाड नसतो. क्लचचं उलट आहे. प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि ऑइल टाकीत परत येतं, म्हणजे लेव्हल थोडी वरच सरकते. त्यामुळे क्लचच्या वेगळ्या टाकीतलं ऑइल कमी झालं तर ते कुठेतरी गळूनच राहिलं आहे, दुसरं कारण नाही. टॉप-अप करून चालवत राहणं म्हणजे फक्त तारीख पुढे ढकलणं.

मग गळती शोधा:

- केबिनमध्ये पेडलच्या वरच्या बाजूला, जिथे रॉड फायरवॉलमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा, आणि मॅट उचलून खाली पण बघा. ओलं, चिकट लागलं तर मास्टरचं मागचं रबर गेलं.
- खाली जाऊन स्लेव्हचा रबरी बूट टोकाकडून थोडा उचला. आतून ऑइलचे थेंब पडले तर स्लेव्ह गेला. बाहेरून कोरडा दिसतो म्हणून सोडू नका, बूट भरेपर्यंत ऑइल आतच साठतं.
- होज वाकवून बघा, भेगा पडल्या का, टोकाला ओल आहे का.

कुठेच गळती नाही, लेव्हल बरोबर, तरी व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू बसत जातं आणि गाडी पुढे सरकायला लागते, हे मास्टरच्या आतल्या रबराचं लक्षण आहे. ऑइल बाहेर येत नाही, रबराच्या बाजूने टाकीत परत जातं. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येतं आणि गिअर नीट पडतो, तर लाइनमध्ये एअर आहे, आणि एअर आहे म्हणजे ती कुठूनतरी शिरली आहे, तिथे परत वरच्या यादीवर या.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी बहुतेक लोक करत नाहीत. एका माणसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीने मोजा. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण साधारण १० मिलिमीटरपेक्षा कमी सरकत असेल तर हायड्रॉलिकमध्ये बिघाड धरा. रॉड पूर्ण सरकतो, तिथेच टिकतो, आणि तरी रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो, तर मग सिलिंडरला दोष देऊ नका, बिघाड बेल हाउसिंगच्या आत आहे, फोर्क (स्लेव्हचा रॉड ज्याला ढकलतो तो दांडा) वाकलाय किंवा प्लेट, प्रेशर प्लेट गेली. अशा वेळी मास्टर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

तपासा: क्लच सुटत नाही की घसरतो, ह्यातला फरक डोक्यात पक्का ठेवा. गिअर पडत नाही, आवाज करतो, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही, म्हणजे घसरतो. घसरतो म्हटलं की लगेच प्लेट बदलायची घाई करू नका. क्लच घसरत असतानाच गाडी सावलीत थांबवा, इंजिन बंद करा आणि स्लेव्हचं ब्लीडर निपल (एअर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) अर्धा फेरा सैल करा. दाबाने ऑइलची पिचकारी आली आणि निपल बंद करून चालवल्यावर घसरणं काही वेळ थांबलं, तर प्लेट चांगली आहे, लाइनमध्ये दाब अडकून राहतोय. त्याचं कारण होज, फ्री प्ले किंवा मास्टरमधलं बुजलेलं बारीक भोक, हे सगळं पुढे येतंच.

२. सामान आणा, पण जुना पार्ट बघून

मास्टर आणि स्लेव्ह, दोन्हीच्या अंगावर बोअरचा आकडा बहुतेक वेळा ओतीव अक्षरात असतो, ५/८ किंवा ३/४ इंच असं, म्हणजे १५.८७ किंवा १९.०५ मिलिमीटर. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी बोअर बदललेले असतात. दुकानात नुसतं सुमोचं किट द्या म्हटलं की जे हाताला लागेल ते मिळतं. मास्टर मोठ्या बोअरचा बसला तर पेडल जड होईल, लहान बसला तर पेडल हलकं पण रॉड पूर्ण सरकणार नाही आणि तुम्ही एअर काढत बसाल. फोटो काढून न्या, जमलं तर जुना पार्टच घेऊन जा.

किट घ्यायचं की पूर्ण सिलिंडर? माझं मत स्पष्ट आहे. बोअर आतून आरशासारखा स्वच्छ असेल तरच किट. पण बोअर उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की सिलिंडर दुकानात आहे का, रविवारी गाडी उघडून बसलात आणि दुकान बंद, असं होऊ देऊ नका.

आणि मास्टर किंवा स्लेव्ह, एकच गळत असला तरी दोन्हींचं काम एकत्र करा. कारण असं आहे की मास्टर कमजोर असताना स्लेव्हचं रबर बोअरच्या ठरावीक पट्ट्यातच मागेपुढे होत असतं, नवीन मास्टर बसला की ते पूर्ण लांबी सरकायला लागतं आणि जिथे इतके दिवस गंज, गाळ साठला होता त्या कड्यावरून घासतं. आठ-पंधरा दिवसात स्लेव्ह गळायला लागतो. लोक म्हणतात नवीन पार्ट डुप्लिकेट निघाला.

बाकीचं सामान:

- ब्रेक ऑइल, टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, जुन्या गाड्यांना साधारण डॉट ३ किंवा डॉट ४. अर्धा लिटरचा सीलबंद डबा.
- नवीन रबरी होज. हा टाळू नका.
- होजच्या टोकाला बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) असेल तर नवीन तांब्याचे वॉशर.
- रिंग पाने ८, १०, १२, आणि पाइपच्या नटसाठी खाचवाला पाना (फ्लेअर नट स्पॅनर). साध्या डबल एंड पान्याने हे नट गोल होतात.
- सर्क्लिप प्लायर, नोज प्लायर, नवीन स्प्लिट पिना.
- निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक बाटली, जुने सुती कपडे, पाण्याची बादली.
- हातमोजे आणि गॉगल.

सावधान: डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं ऑइल ह्या लाइनमध्ये मिसळू नका. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, गिअर ऑइल तर एक थेंब पण नाही, ह्याने सगळी रबरं फुगतात आणि मग एक किट पुरत नाही, दोन्ही सिलिंडर आणि होज जातात, टाकी ब्रेकसोबत एकच असेल तर ब्रेक पण. काही मोजक्या गाड्यांना उलट मिनरल ऑइलच लागतं, म्हणून झाकण वाचा.

गेल्या पावसाळ्यात उघडून ठेवलेला अर्धा डबा वापरायचा मोह होतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषलं की १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि तेच पाणी लाइनमध्ये सगळ्यात खाली असलेल्या स्लेव्हमध्ये जाऊन बोअर गंजवतं. नवीन डबा घ्या, कामाच्या वेळीच उघडा.

३. गाडी तयार करणं

आदल्या रात्री निपलवर, पाइपच्या नटवर आणि स्लेव्हच्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रबरावर उडू देऊ नका. निपल तर नाजूक असतं, सुक्या गंजात जोर लावला की तुटतंच, आणि तुटलं की नवीन स्लेव्ह.

उन्हाळ्यात हे काम करत असाल तर सकाळी सहाला सुरू करा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, अकरानंतर लोखंडाला हात लागत नाही आणि घाई तिथूनच सुरू होते. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, स्लेव्ह बऱ्याच गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या पाइपजवळ असतो.

सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना अडसर, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. सुमो-बोलेरो उंच असतात, बारीक माणूस जॅक न लावताही खाली सरकतो, ते सगळ्यात चांगलं. जॅक लावायचाच असेल तर घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावूनच खाली जा. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

फेंडरवर जाड कपडा, पेडलखाली प्लास्टिक आणि त्यावर पेपर. ब्रेक ऑइल रंग उचलतं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

शेवटी झाकण उघडायच्या आधी टाकीच्या आजूबाजूची धूळ ओल्या कपड्याने पुसा. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ, त्यातला एक कण मास्टरमध्ये गेला तर नवीन रबरावर ओरखडा.

४. जुनं ऑइल काढा, आधी स्लेव्ह उतरवा

निपलला नळी लावा, दुसरं टोक बाटलीत, निपल उघडा आणि एकाला पेडल हळूहळू दाबायला सांगा, टाकी रिकामी होईपर्यंत. टाकी ब्रेकसोबत एकच असेल तर असं करू नका! टाकीपासून क्लचकडे येणारी नळी चिमट्याने हलकी दाबा किंवा मोठ्या इंजेक्शनच्या सिरिंजने क्लचच्या भोकापर्यंतचंच ऑइल काढा. अशा टाकीत क्लचचं भोक ब्रेकच्या वर असतं, म्हणजे तिथपर्यंत थांबलात तर ब्रेकमध्ये एअर जाणार नाही.

बाटलीतलं ऑइल बघा. काळं आणि त्यात बारीक कण म्हणजे आतली रबरं विरघळून राहिली. खाली लालसर गाळ म्हणजे पाणी गेलं आणि बोअर गंजलाय, किटने भागेल अशी आशा कमी ठेवा.

आता क्रम. स्लेव्ह गाडीवर बोल्टने बसलेला असतानाच होजचा नट सैल करा. आधी स्लेव्ह काढला तर तो हातात फिरत राहतो आणि होजला पीळ बसतो. होजच्या षटकोनी भागाला एक पाना धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाही तर लोखंडी पाइपच मुरगळतो. मग स्लेव्हचे दोन बोल्ट.

सावधान: स्लेव्ह खाली काढलेला असताना पेडलला कोणीही हात-पाय लावायचा नाही. लाइन जोडलेली असेल तर पिस्टन गोळीसारखा बाहेर येतो. घरात लहान मुलं असतील तर गाडीचं दार बंद ठेवा.

५. स्लेव्ह उघडून बघा

बूट आणि रॉड काढा, सर्क्लिप (पिस्टन अडवून ठेवणारी रिंग) असेल तर ती. पिस्टन बाहेर येत नसेल तर होजच्या भोकातून सायकलच्या पंपाने हलकी हवा द्या, तोंड कपड्यात गुंडाळून जमिनीकडे धरून. टायरच्या दुकानातली कॉम्प्रेसरची हवा देऊ नका.

रबराची ओठाची बाजू कुठे होती त्याचा फोटो काढा. मग बोअर कोरडा पुसून टॉर्चने बघा. नुसता डाग असेल आणि नखाला काही लागत नसेल तर १२०० नंबरच्या वॉटर पेपरला ब्रेक ऑइल लावून गोल गोल हलकं फिरवा. नख अडकतंय, खड्डा आहे, तर सिलिंडर फेकायचा. अॅल्युमिनियमचा बोअर घासायचाच नाही, त्याचा वरचा कडक थर गेला की नवीन रबर महिनाभरपण टिकत नाही.

धुवायचं फक्त ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने, आणि ब्रेक क्लीनर वापरला तर पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेल नाही. हे गॅरेजमध्ये सर्रास चालतं, डिझेलच्या ट्रेमध्ये सगळं बुडवतात आणि त्याच ओल्या हाताने नवीन रबर बसवतात, मग रबर फुगतं, पिस्टन अडकतो. मिस्त्रीला काम देत असाल तर एवढंच सांगा की भाऊ ट्रे बाजूला ठेवा.

नवीन रबराला ताजं ऑइल लावून बसवा, ओठ ऑइलच्या बाजूला, म्हणजे दाब जिथून येतो तिकडे. उलटं बसलं तर पहिल्याच दाबात सगळं बाहेर. स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका, बोटाने, थोडं तिरकं करून आत सरकवा, ओठ दुमडला नाही ना ते बघा.

६. मास्टर

ह्या कामात सगळ्यात त्रासाचा भाग डॅशबोर्डखाली डोकं घालून रॉड पेडलला जोडणारी स्प्लिट पिन काढणं. सीट पूर्ण मागे घ्या, टॉर्च डोक्याला बांधा. पिन काढायच्या आधी दोन गोष्टी मोजून लिहून ठेवा: पेडलची जमिनीपासूनची उंची, आणि रॉडवर लॉक नटच्या मागे किती आटे दिसतात. नवीन मास्टरसोबत येणारा रॉड बहुतेक वेळा वेगळ्या लांबीवर सेट केलेला असतो, आणि तो तसाच बसवला की पुढे फ्री प्लेची सगळी भानगड.

मग बोनेटच्या बाजूने पाइपचा नट, टाकीची नळी, आणि फायरवॉलचे दोन नट. पाइपच्या तोंडात कपडा कोंबू नका, धागे राहतात. प्लास्टिकचं टोपण किंवा स्वच्छ प्लास्टिक गुंडाळा.

उघडून बोअर तपासायची पद्धत स्लेव्हसारखीच. फक्त इथे एक जास्तीची गोष्ट बघायची. टाकीकडून बोअरमध्ये दोन भोकं येतात, एक मोठं आणि एक अगदी बारीक. पेडल पूर्ण वर असताना पुढचं रबर ह्या बारीक भोकाच्या मागे येऊन थांबतं आणि भोक उघडं राहतं, म्हणून लाइनमधला दाब टाकीत सुटतो. हे भोक गाळाने बुजलं की दाब अडकतो, स्लेव्ह थोडा दाबलेलाच राहतो, क्लच घसरतो. टॉर्च धरून आरपार दिसतं का बघा. साफ करायला पातळ तांब्याची तार, सुई नाही.

बसवायच्या आधी मास्टर हातातच भरून घ्या. व्हाइसमध्ये पकडा किंवा कोणाला धरायला सांगा, टाकीकडून ऑइल भरा, पाइपच्या भोकावर बोट, रॉड हळू दाबा, सोडताना बोटाने भोक बंद. बुडबुडे थांबेपर्यंत. ही दहा मिनिटं वाचवायला गेलात तर पुढे तासभर जातो.

७. होज

जुना होज बाहेरून चांगला दिसला तरी बदला. आतून रबर सुजून वाट अरुंद होते, किंवा आतलं एक साल सुटून झडपेसारखं वागतं, पायाच्या दाबाने ऑइल खाली जातं पण परत येत नाही. नाही तर दाब आला की होज फुगतो, सगळी मेहनत त्याच्या फुगण्यात जाते. पेडल दाबलेलं असताना होज मुठीत धरला तर हाताला कळतं.

नवीन बसवताना पीळ नको, सायलेन्सरला किंवा चेसिसच्या धारेला घासायला नको. सगळे नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मग पाना. तिरके आटे चढले तर सिलिंडर वाया.

तपासा: स्लेव्ह बसवल्यावर निपल वरच्या टोकाला आहे ना? काही स्लेव्ह उलटे पण बसतात आणि निपल खाली येतं. मग जन्मभर पंप करा, वरची एअर निघत नाही.

८. एअर काढणं

इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण पेडल जोरजोरात पंप करतात. जोरात पंप केल्याने एअर निघत नाही, तिचा ऑइलमध्ये फेस होतो, आणि फेस बसायला तास लागतात.

आधी काहीच दाबू नका. टाकी भरा, निपल उघडा, नळी बाटलीत, आणि नुसतं बघत बसा. ऑइल आपोआप खाली उतरतं, दहा-पंधरा मिनिटात थेंब थेंब यायला लागतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून. सलग ऑइल यायला लागलं की निपल बंद.

मग दोन माणसं. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं पाहिजे.

१. खालचा म्हणतो "दाब". वरचा पेडल हळू, पूर्ण दाबतो आणि म्हणतो "धरला".
२. खालचा निपल अर्धा फेरा उघडतो, ऑइल आणि बुडबुडे येतात, निपल बंद करतो.
३. बंद झाल्यावरच म्हणतो "सोड". वरचा पेडल हळू सोडतो. पेडल आपोआप वर येत नसेल तर हाताने उचला.
४. पाच-सहा सेकंद थांबा. परत.

"धरला" ऐकल्याशिवाय निपल उघडायचं नाही आणि "सोड" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला की निपलच्या आट्यांमधून एअर परत आत. घरच्याच माणसाला बसवलं असेल तर सुरू करायच्या आधी एकदा नुसतं तोंडी करून घ्या.

दर चार-पाच वेळांनी टाकी बघा. बाटलीत पडलेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही, स्वच्छ दिसलं तरी.

बुडबुडे थांबले तरी पेडल स्पंजसारखं लागत असेल तर स्लेव्ह होजसकट खाली काढा, रॉड हाताने पूर्ण आत दाबून धरा आणि निपल सगळ्यात वर येईल असा तिरका करा, तशाच स्थितीत, पेडल अजिबात न दाबता, निपल उघडून ऑइल आपोआप उतरू द्या. पिस्टन आत दाबलेला असताना एअर लपायला जागा कमी राहते. ह्यानेही नाही झालं तर स्वच्छ सिरिंजने निपलमधून ऑइल खालून वर ढकला, एअरला वरच जायचं असतं त्यामुळे हा उपाय बऱ्याच हट्टी गाड्यांना लागू पडतो. टाकी भरून वाहणार नाही ना तेवढं वर कोणीतरी बघत राहा.

निपल शेवटी कसताना हाताने घट्ट आणि वर थोडंसंच. टोपी लावा.

९. फ्री प्ले, हे सोडू नका

पेडल बोटाने दाबा, पाय नको. सुरुवातीला थोडं अंतर ते सैल जायला पाहिजे, मग रॉड मास्टरच्या पिस्टनला लागल्याचं कळतं. बऱ्याच जुन्या गाड्यांना पेडलच्या टोकाशी ५ ते १५ मिलिमीटर सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. लॉक नट सैल करून रॉड फिरवा, मोजा, लॉक नट कसा, परत मोजा, कारण कसताना रॉड फिरतो.

फ्री प्ले शून्य ठेवला तर पेडल वरच पकडतं, पहिल्या दिवशी फार छान वाटतं. पण मास्टरचं रबर ते बारीक भोक अर्धवट झाकून बसतं. सकाळी थंड इंजिनला गाडी बरोबर चालते, दुपारी उन्हात वर्धा रोडच्या गर्दीत ऑइल गरम होऊन फुगतं, टाकीत जायला वाट नाही, म्हणून स्लेव्हला दाबतं आणि क्लच घसरायला लागतो. प्लेट जळाल्याचा वास येतो. हे होऊन नवी कोरी प्लेट जळालेल्या गाड्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये दिसतात, आणि तिथे परत प्लेटच बदलली जाते, रॉडला कोणी हात लावत नाही. फ्री प्ले जास्त ठेवला तर उलट, रॉड पूर्ण सरकत नाही आणि रिव्हर्सला आवाज.

आणि पेडलखाली दोन-दोन मॅट टाकलेल्या असतील तर काढा. पेडल जिथे मॅटला अडतं तिथे तुमचा स्ट्रोक संपतो.

१०. चालवून बघणं

बॅटरी जोडा, समोर मोकळी जागा ठेवून सुरू करा. क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून, ब्रेकवर पाय ठेवून एक मिनिट धरा. गाडी पुढे ओढायला लागली किंवा पेडल बसत गेलं तर रस्त्यावर जाऊ नका, मास्टरचं रबर नीट बसलेलं नाही. टाकी एकच असेल तर ब्रेक पेडल पण दाबून बघा, नरम लागलं तर आधी ब्रेकची एअर.

स्लेव्हचा रॉड परत मोजा आणि पहिल्या टप्प्यातल्या आकड्याशी ताडून बघा.

पहिली फेरी घराजवळच, रिकाम्या रस्त्यावर. दुसरी मुद्दाम दुपारी, गर्दीत, सीताबर्डीकडे एक चक्कर मारा, कारण दाब अडकण्याचा बिघाड गाडी तापल्यावरच दिसतो. परत आल्यावर उभ्या गाडीचं पेडल बोटाने दाबून फ्री प्ले आहे का बघा. गरम गाडीत तो गायब झाला असेल तर रॉड अजून थोडा आखूड करा.

रात्री स्लेव्हखाली पेपर टाकून ठेवा, सकाळी थेंब बघा. आठवड्याने टाकीची लेव्हल बघा आणि स्लेव्हचा बूट परत उचलून बघा. टाकी काठोकाठ भरायची नाही, प्लेट झिजेल तशी लेव्हल वर येणार आहे, मॅक्सच्या खुणेपेक्षा थोडी खालीच ठेवा.

ऑइल दर दोन वर्षांनी बदला, जमलं तर पावसाळा संपल्यावर. फक्त आठवा टप्पा करायचा, बुडबुड्यांऐवजी स्वच्छ रंगाचं ऑइल येईपर्यंत. काढलेलं ऑइल नालीत ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे जुन्या ऑइलच्या पिंपासाठी द्या.